बाजदारी आणि शिकारी पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेकडीवर दुर्बीण घेऊन उभे राहिले की कुणी ना कुणी थांबतेच. आधी विचारणा होते, "काय दिसतंय?" आणि मग गाडी हळूच ससाण्याकडे वळते. हातावर ससाणा घेतलेले राजे चित्रांत सगळ्यांनीच पाहिलेले असतात. गेल्या काही वर्षांत शाळांमध्ये, गावांत आणि टेकड्यांवर आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

बाजदारी म्हणजे नेमके काय?

शिकारी पक्ष्याला शिकवून, त्याच्या साथीने त्याच्याच नैसर्गिक पद्धतीने शिकार करण्याची कला. यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. हा पक्षी कधीच पाळीव होत नाही. कुत्रा माणसाला धनी मानतो, घोडा थाप ओळखतो. ससाण्याचे तसे नसते. तो फार तर माणसाला सहन करतो, आणि या माणसाजवळ अन्न मिळते एवढे लक्षात ठेवतो. दरवेळी हातावरून सोडला की तो पूर्ण मोकळा असतो. परत यायचे की नाही हे त्याचे तो ठरवतो.

त्यामुळे बाजदाराचे सगळे कौशल्य पक्ष्याची भूक आणि वजन ओळखण्यात असते. वजन थोडे वाढले तर पक्षी झाडावर जाऊन बसतो आणि हाकेला ओ देत नाही. थोडे घटले तर अशक्त होऊन आजारी पडतो. आज वजनकाटा वापरतात. जुने बाजदार पक्ष्याच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवून, दोन्ही बाजूंचे मांस चाचपून सांगत की आज उडवायचा की नाही. माणसाची सवय व्हावी म्हणून पक्ष्याला रात्र रात्र हातावर घेऊन बसत, बाजारातून फिरवत. डोळ्यांवर चामड्याची टोपी घातली की अंधार होतो आणि पक्षी शांत राहतो. पायात घुंगरू बांधतात ते सजावटीसाठी नव्हे. शिकार घेऊन पक्षी गवतात दिसेनासा झाला तर आवाजावरून तो सापडावा, यासाठी.

बाज, ससाणा, शिक्रा, घार, गरुड: हे सगळे एकच का?

नाही. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, डोळे काळेभोर आणि वरच्या चोचीला दातासारखी एक खाच. उघड्या आभाळातून झेपावून तो भक्ष्य पकडतो आणि त्या खाचेने मानेचा मणका तोडतो. बाज आणि शिक्रा यांचे पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब, डोळे पिवळे किंवा लाल. ते झाडीतून वळणे घेत पाठलाग करतात आणि नख्यांनीच मारतात. घारी आणि गरुड या दुसऱ्या गटाचे भाऊबंद. जनुकांच्या अभ्यासातून तर असे निघाले की ससाण्याचे जवळचे नाते घारी-गरुडांशी नाहीच, ते पोपटांशी आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता.

बहिरी ससाण्याला ऐकू येत नाही का?

उत्तम ऐकू येते. हा 'बहिरी' आपल्या 'बहिरा'चा कुणी नाही. तो 'बहरी'वरून आला, म्हणजे समुद्राचा, समुद्रापलीकडून येणारा. दर हिवाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून येणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभते. याच जातीचा जो प्रकार आपल्याकडे बारमाही राहतो आणि सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करतो तो शाहीन, म्हणजे शाही. 'ससाणा' मात्र अस्सल आपला. त्याचे नाते संस्कृतातल्या 'शशादन'शी सांगतात: शश म्हणजे ससा, तो खाणारा.

बाजदारांची नावे तर याहून बारकाईची. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि ताकदवान असते, म्हणून दोघांना वेगळी नावे ठेवलेली. मादी बाज, तर नर जुर्रा. मादी शिक्रा, नर चिपका. मादी लगड, नर झगड. मादी तुरमती, नर चटवा. मादी चरग, नर चरगेला. (लगड, तुरमती आणि चरग हे ससाण्यांचेच प्रकार.) पक्षी जवळून पाहिल्याशिवाय अशी भाषा घडत नाही. या शब्दांपैकी बरेचसे आता कुणाच्या तोंडी नाहीत, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्या भागात ही परंपरा होती का?

होती, आणि ती मोगलांबरोबर आली हा समज चुकीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात, ही मराठी माणसाला जिव्हाळ्याची वाटणारी नोंद ज्या ग्रंथात आहे, तोच हा ग्रंथ. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने 'श्येनविनोद' असे वेगळे प्रकरण दिले आहे. श्येन म्हणजे ससाणा-बाज. पुढे कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने या एकाच विषयाला वाहिलेले 'श्यैनिकशास्त्र' लिहिले. पक्ष्यांची पारख, आहार, आजार आणि औषधे असे सगळे त्यात येते.

मोगल दरबारात शिकारखान्याचा प्रमुख 'मीर शिकार' म्हणून ओळखला जाई. १६१९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने जहांगीरला एक ससाणा पाठवला. तो मांजराच्या तावडीत सापडून जखमी झाला आणि दरबारात पोचल्यावर फार दिवस जगला नाही. जहांगीरने उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढायला सांगितले. पंजाबात गुरू गोविंदसिंगांच्या हातावरचा बाज आजही घराघरांत चित्रांतून दिसतो, आणि बाज हा पंजाबचा राज्यपक्षी आहे. विसाव्या शतकात भावनगर संस्थानचे धर्मकुमारसिंहजी हे या कलेचे मोठे जाणकार होते आणि तितकेच मोठे पक्षी अभ्यासकही.

भारतात आज ससाणा पाळता येतो का?

येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणे, फास लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेदेखील 'शिकार' या व्याख्येतच बसते. अंडी किंवा पिल्ले उचलणेही गुन्हा आहे. बहिरी ससाणा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. "जखमी सापडला म्हणून ठेवून घेतला" ही सबब चालत नाही.

इतर देशांत मग कशी चालते?

युनेस्कोने २०१० मध्ये बाजदारीला मानवी वारशाच्या यादीत घेतले. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश झाले. पाकिस्तान त्यात आहे, भारत नाही. दुबई-अबुधाबीत नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी विमानात प्रवाशाशेजारी टोपी घालून बसलेला ससाणा पाहिला असेल. त्याचा स्वतःचा पासपोर्ट असतो. जंगलातून चोरलेला पक्षी सीमा ओलांडू नये, यासाठी ती व्यवस्था आहे. तिथे आता बहुतेक पक्षी बंदिवासात जन्मलेले असतात आणि ससाण्यांसाठी वेगळे रुग्णालयही आहे.

तरी सगळे गोड नाही. रानातून पकडण्याच्या हव्यासाने चरग ससाण्याची जगभरातली संख्या खालावली आणि तो आता धोक्यातल्या जातींत मोडतो. अरबी बाजदारांचे आवडते भक्ष्य म्हणजे हुबारा, आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. हिवाळ्यात तो कच्छ-राजस्थानातही येतो. त्याच्यावरही या छंदाने मोठे संकट आणले.

पक्ष्याला असे ठेवणे क्रूर नाही का?

जुन्या पद्धतीत क्रौर्य होते, ते झाकण्यात अर्थ नाही. नुकत्याच पकडलेल्या रानपक्ष्याच्या पापण्या दोऱ्याने शिवून ठेवत आणि तो माणसाळत जाईल तसा दोरा सैल करत. पकडताना आणि वाहतुकीत किती पक्षी मेले याची नोंद कुणी ठेवली नाही. दुसरीकडे, हंगाम संपला की स्थलांतरित पक्षी मोकळा सोडून द्यायचीही रीत होती. तेव्हा आभाळ भरलेले होते, चार पक्षी काढले तरी उणीव भासत नव्हती. आज ती परिस्थिती नाही. म्हणून आपल्याकडची बंदी मला योग्यच वाटते, आणि बाजदारांचे ज्ञान मात्र जपावे असेही वाटते. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मानतो.

बाजदारांमुळे ससाणे वाचले असे म्हणतात. खरे आहे का?

खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डीडीटी हे कीटकनाशक भरमसाट फवारले गेले. किड्यांतून ते लहान पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्याच्या अंगात साठत गेले. अंड्यांची टरफले इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच ती फुटू लागली. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयातली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून १९६७ मध्ये हे दाखवून दिले. अमेरिकेच्या पूर्व भागातून तर बहिरी ससाणा घरटी करणारा पक्षी म्हणून नाहीसाच झाला.

१९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी काही सहकाऱ्यांसह पेरेग्रीन फंड ही संस्था सुरू केली. केड स्वतः बाजदार होते. बंदिवासात ससाण्याची वीण करणे हे त्या काळी अशक्यप्राय मानले जाई. पक्ष्याचा स्वभाव हातावर शिकलेल्या लोकांनीच ते साधले. पिल्ले सोडण्याची रीतही बाजदारांचीच. उंच जागी खोक्यात पिल्ले ठेवायची, माणूस दिसू न देता खाऊ घालायचे आणि दार उघडून द्यायचे. ती हळूहळू उडायला, मग शिकार करायला शिकतात आणि एक दिवस खायला परत येत नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, हजारो पिल्ले अशी सोडली गेली आणि १९९९ मध्ये बहिरी ससाणा तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. भारतात डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, हिवताप आणि काळ्या आजाराच्या फवारणीत मात्र ते राहिले.

मराठी माणसाने जरूर जाणून घ्यावी अशी दुसरी गोष्ट मॉरिशसची, कारण तिथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या बेटावर खरुचीच्या कुळातला एक लहान ससाणा आहे, जगात इतर कुठेही नाही. जंगलतोड, बाहेरून आलेली मुंगसे व माकडे आणि हिवतापासाठी फवारलेले डीडीटी यांमुळे १९७४ मध्ये त्याचे फक्त ४ पक्षी माहीत होते. चार! पुढे कार्ल जोन्स आणि सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घाली. काढलेली अंडी कृत्रिमरीत्या उबवली आणि पिल्ले बाजदारांच्याच रीतीने सोडली. संख्या शेकड्यांत पोचली.

आपल्याकडचा धागाही आहे. लहान पिंजऱ्यावर फासांची जाळी असलेला 'बालछत्री' हा सापळा भारतीय बाजदारांचा. फास घोड्याच्या केसांचे, म्हणून बाल, आणि आकार छत्रीसारखा. जगभरचे संशोधक आज शिकारी पक्ष्यांना इजा न करता पकडून पायात कडी घालण्यासाठी तोच वापरतात. आणि बिहारमधले मीरशिकार समाजाचे लोक, ज्यांच्या पूर्वजांनी दरबारासाठी पक्षी पकडले, त्यांच्यापैकी काही जण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थलांतर अभ्यासात पक्षी पकडून देत होते. पाणथळीत जाळे कुठे लावायचे हे त्यांना विचारावे लागे. पुस्तकात ते लिहिलेले नव्हते.

भारतात सर्वांत मोठे संकट कोणत्या शिकारी पक्ष्यावर आले?

गिधाडांवर. ती शिकार करत नाहीत, तरी गरुड-घारींचीच भावंडे. १९९० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरला गिधाडे माना टाकून बसलेली आणि मग झाडाखाली मेलेली दिसू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. लांब चोचीची ९७ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या वेगाने दुसरा कुठला पक्षी संपत आल्याचे क्वचितच दिसते.

कारण सापडायला बरीच वर्षे गेली. रोगजंतू शोधले, कीटकनाशके तपासली. शेवटी पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून, २००४ च्या सुरुवातीला, उत्तर जाहीर झाले: गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिल्यावर लवकरच मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढतात. एका मेलेल्या बैलावर डझनावारी गिधाडे बसतात, त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी जनावरांत विष असले तरी थवेच्या थवे संपायला पुरेसे होते. त्यात जोडपे वर्षाला एकच अंडे घालते.

२००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठ्या कुपीवर बंदी आली. २०२३ मध्ये जनावरांसाठीची ॲसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही वेदनाशामकेही बंद झाली. गाई-म्हशी सांभाळणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती: गुरांच्या डॉक्टरकडून मेलॉक्सिकॅमच मागा. जनावराला आराम पडतो आणि गिधाडही जगते.

महाराष्ट्रात रायगडच्या म्हसळा तालुक्यातले चिरगाव, नाशिकमध्ये हरसूलजवळचे खोरीपाडा, आणि गडचिरोली अशा ठिकाणी गावकरी, संस्था आणि वनविभाग यांनी गिधाडांना बिनविषारी मेलेली जनावरे मिळतील अशी सोय केली. लोक त्याला 'गिधाड उपाहारगृह' म्हणतात. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो. तिथून गिधाडे नाहीशी झाली तेव्हा त्यांना शेकडो वर्षांच्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. एक औषध किती दूरवर पोचते ते यातून कळते. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून २० गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली.

नागालँडमधल्या अमूर ससाण्यांचे काय झाले?

सैबेरिया आणि उत्तर चीनमधून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे हे दीडेकशे ग्रॅमचे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाजवळ लाखांनी उतरतात. २०१२ मध्ये तिथे मासेमारीची जाळी लावून एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, एकही नाही. तिथल्या पांगती गावाच्या ग्रामसभेने, चर्चने आणि गावातल्या लोकांनी मिळून ते थांबवले. ज्यांच्या हातात जाळी होती तेच राखणदार झाले. त्या वर्षी उपग्रह टॅग लावलेल्या तीन पक्ष्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. हे पक्षी मध्य भारत आणि महाराष्ट्रावरून जात न थांबता अरबी समुद्र ओलांडतात. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर वर नजर ठेवा.

महाराष्ट्रात आज शिकारी पक्ष्यांना धोका कशाचा?

माळरान जाण्याचा, सगळ्यात जास्त. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. मग तिथे झाडे लावा, कारखाना आणा, सौर पट्ट्या बसवा. भोवत्या, लगड, खरुची, कापशी घार हे सगळे त्या 'पडीक'वर जगतात. माळावर दाट झाडे लावणे म्हणजे त्यांचे घर मोडणे, हे हौसेने वृक्षारोपण करणाऱ्यांना सांगणे फार जड जाते, पण सांगावेच लागते.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांचा एक सुंदर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. त्यामुळे तिथे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे वाढले, पण बेफिकीरही झाले. माणूस जवळ आला तरी उशिरा पळत. ससाणा-शिक्रा गेला की सरड्याची भीतीसुद्धा जाते! मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही. कुठल्या पठारावर उभ्या करायच्या, हे पक्षी मोजून ठरवावे एवढेच म्हणणे आहे.

याशिवाय विजेच्या उघड्या तारा, उंदीर मारायचे विष आणि संक्रांतीचा नायलॉन मांजा. मांजावर बंदी आहे, तरी दर जानेवारीत पंख चिरलेल्या घारी येतातच.

सोसायटीतली कबुतरे घालवायला ससाणा ठेवता येईल का?

विम्बल्डनला यासाठी शिकवलेला पक्षी उडवतात, भारतात ते कायद्यात बसत नाही. हिवाळ्यात मुंबईच्या उंच इमारतींवर बहिरी ससाणा आपणहून येतो. कबुतरांना दाणे घालणे थांबवले तर त्याचाही उपयोग होईल.

जखमी शिकारी पक्षी किंवा खाली पडलेले पिल्लू सापडले तर?

पिल्लू धडधाकट असेल आणि आई-बाप आसपास ओरडत असतील तर उचलू नका, कुत्र्या-मांजरापासून राखा. उडायला शिकताना पिल्ले खाली येतातच. धोका असेल तरच उचलून जवळच्या उंच फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरे नाही.

पक्षी जखमी असेल तर जाड टॉवेल टाकून दोन्ही पाय घट्ट धरा. चोचीपेक्षा नख्या जास्त घातक. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पाव अजिबात नको. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोटोसाठी त्याला मांडीवर घेऊ नका, माणसाच्या भीतीनेच काही पक्षी दगावतात.

हे पक्षी कुठे पाहता येतील?

हिवाळ्यात पहाटे इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जा, गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाणारे भोवत्या दिसतील. शाहीनसाठी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा कुठलाही मोठा कडा. ऊन तापू लागले की पक्षी गरम हवेवर घिरट्या घेत वर चढतात, तेव्हा सकाळी नऊनंतर कड्याच्या काठापासून मागे बसून राहा. कोकण किनाऱ्यावर समुद्रगरुड. आणि घरटे सापडले तर त्याची जागा कुठेही टाकू नका, अगदी मित्रांच्या गटातही नाही. फोटो टाकायचाच असेल तर पिल्ले उडून गेल्यावर टाका.